प्लवकभक्षी

आमच्या घरात जेवायला बसल्यावर मासा, मटण, अंडं हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, असा नियम होता. नियम नानांचा. नाना म्हणजे माझे आजोबा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि रागावले तरी आवाज म्हणून चढायचा नाही. एकदा शेजारचे भिका आप्पा आमच्या ओट्यावर बसून कुठल्याशा वशाटाच्या पंगतीचं वर्णन करायला लागले, तर नाना भरल्या ताटावरून उठले, हात धुतले आणि गोठ्यात जाऊन बसले. भांडण नाही, काही नाही. माय मात्र दिवसभर धुसफुसत राहिली, कारण त्या दिवशी तिने डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी केली होती, आणि फुणके गार झाले की घशाखाली उतरत नाहीत. तर अशा घरात माशांची पैदास कशी सुरू झाली आणि सुरू होता होता कशी बुडायला आली, ते मला सांगायचं आहे. मासे हा काही माझा विषय नव्हे. पण माझं सगळं शिकणं त्या माशांच्या खाण्यावर येऊन अडकलं होतं, म्हणून सांगते.

गाव आमचं शिरपूरकडचं. घर मातीचं, धाब्याचं. पुढे ओटा, मागे गोठा, गोठ्याला लागून केळीचं वावर आणि त्याच्या पलीकडे कपाशी. दिवस उगवायचा तो आबांच्या डिझेल इंजिनाने. आबा म्हणजे माझे वडील. ते फार बोलत नसत, त्यांच्या वाटचं सगळं ते इंजिनच बोलायचं. त्या टुकटुकीत मायच्या भाकरीची थापथाप मिसळायची. दादर ज्वारीची भाकरी, कधी ज्वारीत उडीद दळलेल्या कळण्याची, वर लसूण-मिरचीचा ठेचा आणि त्यावर तेलाची धार. प्यायचं पाणी नाना दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नसत. आणि गाळून झालं की ते फडकं विहिरीच्या पाण्यात उलटं करून झटकायचं. त्यात एखादा जीव अडकला असेल तर तो जिथला तिथे गेला पाहिजे. हे काम माझ्याकडे होतं. मी कंटाळून म्हणायची, "नाना, यामा काहीच दखास नही." तर म्हणायचे, "तुले दखास नही म्हनीसन तो नहीच, असं थोडंच शे?"

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर शिरपूरला जायला हवं, आणि पोरीला रोज यष्टीने कोण पाठवणार? म्हणून मी घरी. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे संध्याकाळी त्यांना पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, आणि तीच माझी पुढची शाळा झाली. नानांची एक रीत होती. शब्द अडला की ओवी पुढे सरकायची नाही. "थांब. हाऊ शबद कोठला शे?" दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं ते शब्दाला विचारायचे: कुठला, कोणाचा, इकडे कसा काय येणं केलं. उत्तर कोणालाच आलं नाही तर उद्या गुरवाला विचारू, परवा मास्तरांना विचारू, पण तोवर ओवी तिथेच उभी. पोथी संपायला वर्ष लागायचं. आज माझ्या उशाशी चार-पाच शब्दकोश असतात आणि सून म्हणते, "आई, झोप येत नाही तर गोळी घ्या, कोश काय वाचता?" ती खोड तिथली.

माझा मोठा भाऊ मधू. मी त्याला भाऊच म्हणायची. तो अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकला, पदवी घेऊन आला आणि ओट्यावर बसला. नोकरी काही लागेना. गावात त्याला 'मासोळीचा डॉक्टर' नाव पडलं होतं, कारण तो बेडूक-मासळीच्या चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला होता. दुपारी तो मला त्यातलं वाचून दाखवायचा. मला इंग्रजी अक्षरं लागायची, शब्द लागायचे नाहीत. तो ते फोडून सांगायचा. माझं हे शिक्षण तो घरी असेपर्यंतच, हे मला ठाऊक होतं. कारण आमचा चुलतभाऊ धनराज सुरतेला सांच्यावर होता. तिकडे कापडाच्या मागाला सांचा म्हणतात. तो दर सुट्टीला येऊन सांगायचा, "चाल मधू, जागा करी ठेवस तुन्ही." आमच्याकडची निम्मी पोरं तशीच गेली होती. जी गेली ती दिवाळीला चकचकीत शर्ट घालून यायची आणि परत जायची.

भाऊला जायचं नव्हतं. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. आमच्या वावराच्या टोकाला, सडकेसाठी मुरूम काढून नेला त्याचा मोठा खड्डा होता, त्याला आम्ही खदान म्हणायचो. पाटाचं पाणी पाझरून तिच्यात बारमाही पाणी असायचं. भाऊ म्हणाला, यात मत्स्यबीज वाढवायचं. माशांची पिल्लं आणायची. ती इतकी बारीक असतात की त्यांना जिरेच म्हणतात. ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. मग ती धरणात, तळ्यात सोडायला न्यायला लोक येतात. मारणं नाही, कापणं नाही. माय म्हणाली, "जिरं? मन्हा मिसळनना डबामा हात घालशी तर दख!" आबांनी इंजिनाचा पट्टा नीट करता करता मान हलवली, म्हणजे त्यांची हरकत नव्हती. राहिले नाना. जमीन त्यांच्या नावावर होती म्हणून नव्हे. नानांना नको असलेली गोष्ट आमच्या घरात कोणी करत नसे.

नानांनी गळ्यातल्या माळेचे मणी चाळवले. मग म्हणाले, "लहान्या वाढावान्या नि दुसरा घर पाठावान्या. आंडेरी बी आपन तश्याच पाठाडतस. पुढलं तेस्नं नशीब. ते ठीक शे. पन त्या खातस काय, ते माले आधी सांग." आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात आणि लेकाला आंडोर.

भिका आप्पा होतेच ओट्यावर. म्हणाले, "नाना, तुमनी मांजर उंदीर खास. ते कसं काय चालस?"

"तिले काय मी बलावाले गयथू? ती तिनी तीच उनी," नाना म्हणाले. "जेले आपन घर आनतस, तेना घासना जाब आपले द्यावा लागस. जीव जीवाले खाई, असं पोसनं मन्हा वावरमा नही व्हवाव."

भाऊने मग धुळ्याहून मत्स्यखात्याचे एक साहेब बोलावले. ते फटफटीवर आले, खदान बघितली, पाण्यात काठी बुडवून बघितली, खूश झाले. ओट्यावर चहा घेताना नानांनी आपला प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "चिंताच करू नका. हा कटला मासा. हे मासे प्लवकभक्षी असतात."

"म्हंजे काय खातस?"

"प्लवक."

"प्लवक म्हंजे काय?"

"पाण्यात तरंगतं ते."

"पानीमा तरंगस? मंग आमनी म्हैस बी तरंगस."

साहेबांना ठसका लागला. घाईत होते बिचारे, पुढे अजून दोन गावं करायची होती. बशीतला चहा संपवून म्हणाले, "अहो, शाकाहारीच समजा." आणि गेले. फटफटीचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत होता, तो थांबल्यावर नाना म्हणाले, "समजा सांगनारा मानूस सोता समजेल नही ऱ्हास." मग माझ्याकडे वळले. "शकू, पोथी ऱ्हाऊ दे. हाऊ शबद शोध."

बिबड्यांचे दिवस होते. मायने धाब्यावर धोतरं पसरून त्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, वाळत घातले होते आणि कावळे हाकलायला मला वर बसवलं होतं. भाऊ ते जाड पुस्तक घेऊन वर आला. खाली ओट्यावर नाना बाजेवर पडलेले, आणि आम्ही वरून ओरडून सांगायचं, अशी ती सभा. पुस्तकाच्या शेवटी अवघड शब्दांची कुळं दिली होती. इंग्रजीत त्या माशांना प्लँक्टिव्होर म्हणतात. भाऊने वाचून सांगितलं, शब्दाचा पहिला भाग ग्रीक भाषेतला आहे. प्लँक्टोस. त्याचा अर्थ भटकणारा, वाहवत फिरणारा. समुद्रातले बारीक कण स्वतःच्या जोरावर कुठे जात नाहीत, पाणी नेईल तिकडे जातात, ते बघून एका जर्मन माणसाने त्यांना हे नाव दिलं. दुसरा भाग लॅटिन. त्याचा अर्थ गिळणे, अधाशासारखं खाणे. मिळून भटकणाऱ्यांना गिळणारा.

खालून नाना म्हणाले, "म्हंजे आंडोर एक गावना, आंडेर दुसरा गावनी. चांगली सोयरीक शे." मग थोड्या वेळाने, "आनि आपला प्लवक? तो कोठला?"

मराठी नाव कसं पडलं हे त्या पुस्तकात कुठून असणार? नानांनीच सुरुवात केली. "प्लवंग मी आयकेल शे. पंचांगमा शे, प्लवंग नाम संवत्सर. प्लवंग म्हंजे वांदर."

माय चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "मंग मासा काय वांदर खातस?" आणि तिला इतकं हसू फुटलं की तव्यावरची भाकरी करपली.

तो शब्द शेवटी मास्तरांनी सोडवला. संस्कृतात प्लु म्हणजे तरंगणं, उडी मारणं; वानर उडी मारतं म्हणून प्लवंग, पाण्यावर तरंगतो तो प्लवक. मला तेव्हापासून या दोन नावांची गंमत वाटत आली आहे. तीच वस्तू, पण आपल्या माणसाला तिचं तरंगणं दिसलं, त्यांच्या माणसाला तिचं भटकणं. आणि पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की तो लॅटिनमधला गिळण्याचा शब्द आणि आपलं गिळणं हे फार मागे एकाच कुळातले आहेत. नानांना हे सांगायला मिळालं असतं तर त्यांनी दोन दिवस तेच धरून ठेवलं असतं. परवा आमच्या आताच्या, पिंप्राळ्याच्या घरी माझ्या नातीने हाच शब्द फोनवर दोन बोटांनी काढून दाखवला. अर्थ आला, कूळ आलं, चित्रसुद्धा आलं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे याला सगळा वैशाख लागला होता.

पण नानांचं समाधान झालं नव्हतं. "कुळ समजनं," ते म्हणाले. "भटकतस, तरंगतस, ते बी समजनं. पन झाड शे का जीव शे?"

आणि ते त्या नावात नव्हतंच. ना ग्रीकमध्ये, ना मराठीत. भाऊला उत्तर माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण त्याने मला पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं. त्या भटकणाऱ्यांत हिरवे कण असतात ते वनस्पतीच, पण त्यांच्यातच हलणारे, पायांचे, मिशांचे जीवही असतात; आणि कटल्याचं पोट भरतं ते जास्त करून त्या जिवांवर. भाऊने पुस्तक मिटलं. सुरतेचा धनराज आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येऊन गेला होता आणि भादव्यात पुन्हा येणार होता. भाऊ म्हणाला, "पानीमा हिरवं दखास ना, नाना, ते खातस."

"शेवाळ?"

"हा. तसंच."

नानांनी माळ कपाळाला लावली आणि म्हणाले, "मंग आन."

जिरे आणायला भाऊ आणि मी धुळ्याला गेलो. पाण्याने फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत बसवलेल्या, आणि ते डबे मांडीवर. पिशवी उजेडात धरली की आत नुसत्या हलणाऱ्या रेघा दिसायच्या. कंडक्टर म्हणाला, "काय शे यामा?" भाऊ म्हणाला, "मासा." कंडक्टरने डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "इतला पॅसेंजर? मन्हा कडे इतली तिकिटं बी नही." अख्खी गाडी हसली. एका म्हातारीने शिरपूर येईपर्यंत आपला पदर त्या डब्यांवर धरून ठेवला, ऊन लागू नये म्हणून.

खदानीत आम्ही आधीच शेणाची पोती बुडवून ठेवली होती. शेणाने पाणी हिरवं होतं, हिरव्यावर ते बारीक जीव वाढतात आणि त्यांच्यावर पिल्लं. त्यामुळे पाणी मुगाच्या वरणासारखं हिरवं झालं होतं. मला सर्वांत आश्चर्य वाटलं ते नानांचं. त्यांना पिल्लं दिसत नव्हती, पण सकाळी काठी टेकत ते खदानीवर जायचे आणि काठावर बसून हरिपाठ म्हणायचे. विचारलं तर म्हणायचे, "लहान्या शेतस. आवाजनी सवय व्हवाले पाहिजे." श्रावणात कानबाई बसली, घरातल्या एकेकाच्या नावाने मूठभर गहू काढून तिचे रोट झाले, तेव्हा माय म्हणाली, नाना आता माशांच्या नावानेही मूठभर गहू काढतील बहुतेक. पिल्लं करंगळीच्या पेरापर्यंत आली होती. भाऊ चार ठिकाणी सांगून आला होता की पोळ्यानंतर बोटुकली न्यायला या.

आणि मग ते झालं. आमच्या भागात केळीवर रोग पडला की मोरचूद आणि चुना कालवून फवारतात, त्यामुळे निळी मोरचूद घरोघरी असते. विहिरीला हिरवी साय आली की तिच्यातही फडक्यात बांधलेली मोरचूद फिरवायची, ही जुनी रीत. पाणी दोन दिवसांत निवळतं. नानांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण हिरवा रंग दिसत होता आणि वास येत होता. शेवाळ म्हणजे दगडाला धरतं तेवढंच, असं त्यांच्या डोक्यात होतं; पाण्याचा हा हिरवेपणा त्यांना शेणाची घाणच वाटला. भाऊ दोन दिवसांसाठी अमळनेरला गेलेला. तो गेला त्याच सकाळी नानांनी मोरचूद एका पोत्यात बांधली, पोतं दोरीला लावलं आणि आपल्या बाजूचा काठ धरून पाण्यातून ओढत नेलं. मन लावून, हरिपाठ म्हणत. भाऊ परत आला तेव्हा नाना फाट्यापर्यंत त्याच्या वाटेवर जाऊन उभे होते.

"मधू, ये, दख. कसं आरसासारखं पानी व्हई गये! तुन्हा लहान्यासले आते बठ्ठं दखाई."

पाणी खरंच इतकं स्वच्छ होतं की तळाचा मुरूम दिसत होता. भाऊने ते पाहिलं आणि ओंजळभर पाणी उचलून उजेडात धरलं. "नाना, काय टाकं तुम्ही?"

"मोरचूद. हीरमा नही का टाकतस? किती घान व्हती."

"ती घान नव्हती, नाना," भाऊ म्हणाला. "ते तेस्नं ताट व्हतं."

संध्याकाळपर्यंत नानांच्या बाजूच्या काठाला पिल्लं पांढरी पोटं वर करून लागायला लागली. पलीकडच्या बाजूची वर येऊन तोंडं उघडत होती. आबांनी इंजिन चालू केलं, खदानीतलं पाणी केळीत सोडलं आणि विहिरीचं नवं पाणी आत घेतलं. ते इंजिन मग तीन दिवस बंद झालं नाही. उरलेली पिल्लं वाचली, पण स्वच्छ पाण्यात खाणार काय? शेण टाकून पुन्हा पाणी हिरवं व्हायला, त्यात जीव व्हायला आठवडे लागतात. मायने शेंगदाण्याची पेंड भिजवून टाकली, ती तळाला जाऊन बसली. भाऊ एवढंच बोलला की दुसऱ्या एखाद्या जुन्या तळ्यातून प्लवक गाळून आणलं तर भागेल. नाना म्हणाले, "मंग आन ना." भाऊ म्हणाला, "नही, जाऊ द्या." तो का जाऊ द्या म्हणतोय हे मला कळत होतं. भांडंभर प्लवक घरी आणलं की नाना विचारणार, यात काय हलतंय. आणि नानांचं त्या दिवसापासून जेवणच तुटलं होतं. भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तसाच ठेवायचे. भाऊला वाटलं, आता अजून काही सांगितलं तर म्हातारा हाय खाईल. धनराज आला होताच. भाऊने पेटी भरली. सोमवारी सकाळच्या गाडीने सुरत.

सोमवारी उजाडताच नानांनी मला उठवलं. बैलगाडी जुंपून तयार, गाडीत पाण्याचा रिकामा ड्रम. "चाल. डोया पाहिजेत माले," म्हणाले. शेजारच्या गावाला एक जुना पाझर तलाव होता, कधी न आटणारा, हिरवा गार. काठाला उतरून त्यांनी काचेचा पेला काढला, पाण्यात बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"उन्हाकडे धर. दख. काय शे?"

मी पेला धरला. ऊन नुकतं वर आलं होतं. आधी नुसती धूळ दिसली, हिरवट. मग ती धूळ थांबेना. त्यातले पांढुरके ठिपके टुणकन उडत, थांबत, परत उडत. एकेकाला दोन बारीक मिशा. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायला फार अवघड नाही. मी शेवाळ म्हटलं असतं तर नानांना कळायला मार्ग नव्हता, आणि भाऊ घरी राहिला असता. जीव म्हटलं असतं तर ड्रम रिकामाच परत गेला असता. पण ज्या माणसाने मला अडलेल्या शब्दावरून कधी पुढे जाऊ दिलं नाही, तो माझ्या डोळ्यांनी बघत होता.

"हिरवं शे ते झाड शे, नाना," मी म्हणाले. "पन यामा उडी मारनारा बी शेतस. मिश्या शेतस तेस्ले. जीव शेतस."

"बराच?"

"बराच."

बैल शेपट्या हलवत उभे होते, घुंगरं वाजत होती. नाना म्हणाले, "मधूले माहीत व्हतं?"

"हा."

"माले का नही सांगं तेन्ही?"

"तुम्ही नही म्हनतात म्हनीसन."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं, आता गाडी वळवायला सांगतील. मग म्हणाले, "नावमा बी नही व्हतं ना?"

"नही. नाव इतलंच सांगस, भटकतस म्हनीसन."

"मंग नाव ठेवनारा इमानदार व्हता. जितलं दखायनं तितलंच बोलना. झाड का जीव, हाऊ इचार त्याना नव्हता, मन्हा व्हता." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दुहेरी केला आणि माझ्याकडे दिला. "मोरचूद मन्हा हातनी पडनी. ते पाप जमा व्हई गये. आते ज्या वाचन्यात, तेस्ले उपाशी मारू, ते दुसरं. दुसरं मी नही करस. रोज गाळीसन सोडतस, आज गाळीसन भर."

मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. तांब्याने पाणी पंच्यावर ओतायचं, पंच्यात हिरवट साका जमला की तो ड्रममधल्या पाण्यात झटकायचा. नाना काठावर बसले होते. या वेळी ते हरिपाठ म्हणत नव्हते. दर वेळी पंचा झटकला की विचारायचे, "शेतस?" आणि मी म्हणायची, "शेतस."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. नानांनी त्यानंतर कधी माझ्याशी किंवा भाऊशी या विषयावर वाद घातला नाही, आणि हे बरोबर झालं असंही ते कधी म्हणाले नाहीत. दर एकादशीला त्या माशांच्या नावाने वेगळा उपास धरायचे, शेवटपर्यंत. उरलेली बोटुकली पोळ्याऐवजी दसऱ्याला गेली. भाऊने पुढे जन्मभर हेच काम केलं. आज आमच्या शिवारात काळं प्लॅस्टिक घातलेली शेततळी जागोजागी आहेत, तिथली कितीतरी पोरं त्याला गुरू मानतात. आणि मी त्याच्याकडून शिकत शिकत बाहेरून मॅट्रिकला बसले. दोनदा बसले, पण झाले.

आम्ही परत आलो तेव्हा भाऊ आणि धनराज फाट्याकडे निघालेच होते. वाट खदानीवरूनच जात होती. भाऊच्या खांद्यावर पेटी, धनराजच्या अंगात तो चकचकीत शर्ट, मागे माय शिदोरी घेऊन, डोळे पुसत. नानांनी गाडी त्यांच्या वाटेतच आडवी उभी केली.

"मधू, हाई वत."

भाऊने ड्रममध्ये वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "नाना, यामा..."

"जीव शेतस. माले माहीत शे. शकूनी सांगं. वत तू."

भाऊने माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. पेटी खाली ठेवली, चपला काढल्या, पँट वर केली. आबा इंजिन सोडून आले आणि दोघांनी ड्रम उतरवला. पाणी खदानीत पडलं तशी कोपऱ्यात घोळका करून बसलेली पिल्लं एकदम पांगली, आणि थोड्या वेळाने एकेक करून परत आली. भाऊ पाण्यात वाकून उभा होता. "खाई ऱ्हायन्यात," तो म्हणाला. "नाना, खाई ऱ्हायन्यात!"

धनराजने घड्याळ पाहिलं. "मधू, गाडी चुकी जाई भो."

मग त्याने खाली ठेवलेल्या पेटीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं. "मी चालनू मंग. मन्हा खाडा पडी," म्हणाला आणि एकटाच फाट्याकडे गेला. भाऊने पाण्यातूनच त्याला हात केला.

नाना बांधावर बसले आणि मायला म्हणाले, "काय बांधेल शे तुन्ही त्यामा?" मायने तिथेच फडकं सोडलं. दशम्या होत्या, गूळ-तुपाचा गोळा होता आणि लोणचं. नानांनी अख्खी दशमी घेतली आणि दुसरीला हात पुढे केला. सुरतेपर्यंत आणि पुढे दोन दिवस टिकाव्यात म्हणून तिने कणीक पाण्याचा थेंब न घालता दुधात मळली होती. दुपारचं ऊन डोक्यावर यायच्या आत एकही उरली नव्हती.